स्टेन निगेटिव्ह, तरी रोग आहे : मूत्रपिंडाच्या बायोप्सीतून प्रथिनाचे नाव कसे काढतात

पॅथॉलॉजीच्या एका निवासी डॉक्टरांनी विचारले आहे : मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीच्या (मूत्रपिंडाच्या चाळणीत प्रतिपिंडांचे, म्हणजे अँटिबॉडींचे, साठे जमण्याच्या आजाराच्या) काही बायोप्सींमध्ये पीएलए२आर या, त्या आजारात सर्वाधिक आढळणाऱ्या प्रथिनाचा स्टेन (प्रथिन रंगाने दाखवणारी चाचणी) निगेटिव्ह येतो आणि अहवालाखाली ‘मास स्पेक्ट्रोमेट्रीचा विचार करावा’ असे लिहिले जाते. रेणूंचे वस्तुमान मोजणारे हे यंत्र ऊतीतले रोगाशी संबंधित प्रथिन ओळखते कसे? शेकडो-हजारो प्रथिनांच्या यादीतून ‘हेच ते’ असे कशावरून म्हणायचे? आणि रुग्णाला त्याचा उपयोग काय?

उपयोगाचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची सगळी खटपट त्यासाठीच आहे.

केरळमधल्या कोट्टक्कलच्या नेफ्रॉलॉजिस्टांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातल्या मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीच्या २२ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांतल्या १५ जणांच्या बायोप्सीत नेल-१ नावाचे प्रथिन साचलेले आढळले. त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम वापरत असल्याचे कबूल केले. अशा बेकायदा क्रीममध्ये पारा असतो. पारा त्वचेतले रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया रोखतो, म्हणून तो घातला जातो. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांचा आजार ओसरला. मेम्ब्रेनसच्या रुग्णाला पुढे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या रिटुक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फामाइडपर्यंत जावे लागू शकते, हे तुम्ही वॉर्डात पाहिले असेल. इथे एका प्रथिनाच्या नावाने डॉक्टरांना योग्य प्रश्न विचारायला लावला : ‘तोंडाला काय लावता?’

हा धागा तसा जुना आहे. पाऱ्याच्या क्रीम वापरणाऱ्या स्त्रियांना नेफ्रोटिक सिंड्रोम (लघवीतून खूप प्रथिने जाऊन सूज येणे) होतो हे नैरोबीच्या डॉक्टरांनी १९७२ मध्येच लिहून ठेवले होते. पण मूत्रपिंडात नेमके काय घडते, कोणत्या प्रथिनावर प्रतिपिंड जाऊन बसतात, हे पुढचे जवळपास अर्धे शतक कोणाला सांगता आले नाही. नेल-१चा आणि मूत्रपिंडाच्या या आजाराचा संबंध २०२० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संजीव सेठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवला, तो मास स्पेक्ट्रोमेट्रीने. तोवर नेल-१ ओळखले जायचे ते हाडांच्या वाढीशी निगडित प्रथिन म्हणून. मेम्ब्रेनसचा विचार करताना त्याची अँटिबॉडी मागवण्याचे कोणाच्या डोक्यातही आले नसते. माझ्या मते या तंत्राची खरी ताकद इथे आहे. स्टेन करताना आपण एक नाव मनात धरून ‘हे आहे का?’ असे विचारतो आणि हो किंवा नाही एवढेच उत्तर मिळते. मास स्पेक्ट्रोमेट्रीत नाव आधी धरावे लागत नाही. ‘इथे काय काय आहे?’ असे विचारता येते. मात्र या मोकळ्या प्रश्नाचे उत्तरही तितकेच पसरट येते आणि त्यातून खरे निवडण्यात आमचा सगळा वेळ जातो.

आता थोडा इतिहास, कारण त्यात पद्धतीचे मर्म आहे. मेम्ब्रेनसमध्ये ग्लोमेरुलसच्या, म्हणजे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म केशिकांच्या गुच्छाच्या, पायापटलाच्या बाहेरच्या अंगाला, त्याला वेढणाऱ्या पोडोसाइट पेशींच्या खाली, आयजीजी या प्रकारच्या प्रतिपिंडांचे साठे जमतात. ते कशावर जमतात हा जुना प्रश्न. १९५९ मध्ये हेमन यांनी उंदरांत असाच आजार घडवून आणला. १९८०च्या दशकात त्यातले प्रतिजन (प्रतिपिंड ज्यावर जाऊन बसतात ते प्रथिन) सापडले, मेगालिन. पण माणसाच्या पोडोसाइटवर मेगालिन नसते, म्हणून रुग्णांच्या बाबतीत हात रिकामेच राहिले. २००२ मध्ये फ्रान्समधल्या देबिएक आणि रोंको यांनी एका नवजात बाळाच्या आजारात न्यूट्रल एंडोपेप्टिडेझ हे प्रतिजन दाखवले. आईच्या शरीरात ते प्रथिनच नव्हते, त्यामुळे गरोदरपणात तिने त्याविरुद्ध प्रतिपिंड तयार केले आणि ते वारेतून बाळाकडे गेले. माणसात हे घडू शकते हे त्यातून सिद्ध झाले, पण ते कारण फार दुर्मीळ.

मोठा टप्पा २००९ मध्ये बॉस्टनच्या लॉरेन्स बेक आणि डेव्हिड सॅलंट यांच्या गटाने गाठला. प्रत्यारोपणासाठी वापरता न आलेल्या मूत्रपिंडांतून त्यांनी ग्लोमेरुलाय वेगळे केले, त्यांचा अर्क काढला, जेलवर प्रथिने पसरली आणि रुग्णांच्या रक्तद्रवाने वेस्टर्न ब्लॉट केला, म्हणजे त्यातले प्रतिपिंड कोणत्या प्रथिनावर बसतात ते पाहिले. ३७ पैकी २६ रुग्णांच्या रक्तद्रवाने सुमारे १८५ किलोडाल्टन वस्तुमानाची एकच पट्टी उजळली. इथली एक बारीक गोष्ट विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो. ही पट्टी दिसते ती नमुन्यातले डायसल्फाइड बंध शाबूत ठेवले तरच. नेहमीच्या पद्धतीने डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल घालून बंध तोडले की प्रथिनाची घडी उलगडते आणि रुग्णाचे प्रतिपिंड त्याला ओळखेनासे होतात. सरधोपट प्रोटोकॉल चालवला असता तर हा शोध हातचा गेला असता. त्या जागेतले प्रथिन मास स्पेक्ट्रोमेट्रीने वाचले आणि नाव मिळाले : पीएलए२आर. आज त्याच ज्ञानावर रक्ताची साधी एलायझा चाचणी उभी आहे. केडिगो या मूत्रपिंडविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनुसार योग्य रुग्णात ही चाचणी पॉझिटिव्ह असेल तर बायोप्सीही टाळता येते. २०१४ मध्ये जवळपास त्याच वाटेने टीएचएसडी७ए हे आणखी एक प्रतिजन सापडले.

या वाटेला एक मर्यादा आहे. रुग्णाच्या रक्तात पुरेसे प्रतिपिंड हवेत आणि जेलवर पट्टी स्पष्ट दिसायला हवी. सेठींच्या गटाने उलट बाजूने सुरुवात केली. साठे जर ग्लोमेरुलसमध्ये आहेत, तर तोच कापून काढा आणि त्यात काय जास्त आहे ते पाहा. ही वाट मेयोमध्ये अमायलॉइडच्या (चुकीची घडी पडून ऊतीत साचणाऱ्या प्रथिनांच्या) निदानासाठी आधीच रुळली होती, त्याबद्दल पुढे सांगतो. या वाटेने एकापाठोपाठ एक नावे आली : ल्युपससारख्या स्वयंप्रतिकार आजारांत ईएक्सटी१ आणि ईएक्सटी२, मुलांमध्ये सेमाफोरिन-३बी, शिवाय नेल-१, पीसीडीएच७, एनसीएएम१. आता ही यादी डझनाच्या पुढे गेली आहे.

प्रत्यक्ष काम कसे चालते ते आता पाहू.

तुमच्याकडचा फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला, पॅराफिनमध्ये बसवलेला नेहमीचा ब्लॉक चालतो, ही या तंत्रातली सर्वांत सोयीची गोष्ट. त्याचे १० मायक्रॉन जाडीचे सेक्शन काचेऐवजी पातळ पटल लावलेल्या खास स्लाइडवर घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली ग्लोमेरुलसभोवती रेघ आखली की लेझर त्या रेघेवरून कापत जातो आणि तुकडा खालच्या नळीच्या टोपणात पडतो. किती ऊती मिळते याचा हिशेब करून बघा. ग्लोमेरुलसचा व्यास साधारण २०० मायक्रॉन धरला तर १० मायक्रॉन जाडीच्या एका चकतीचे आकारमान ०.३ नॅनोलिटरच्या आसपास येते. दहा चकत्या गोळा केल्या तरी ३ नॅनोलिटर. डीएनए थोडा असला तर पीसीआरने वाढवता येतो. प्रथिनाला तशी सोय नाही. जे आहे तेवढ्यातच काम भागवावे लागते. म्हणून कापणाऱ्या माणसाचा हात आणि नजर यांना मी लाखो-कोटींच्या यंत्राइतकेच महत्त्व देतो. शेजारची नलिका किंवा रक्तवाहिनी तुकड्यात आली तर तिची प्रथिने यादीत येणारच.

फॉर्मॅलिनने प्रथिने एकमेकांत जखडलेली असतात. ते बंध सोडवायला नमुना सौम्य डिटर्जंटच्या द्रावणात सुमारे ९८ अंशांवर दीडेक तास तापवतात, मग ३७ अंशांवर रात्रभर ट्रिप्सिन. ट्रिप्सिन प्रथिनाची साखळी लायसिन आणि आर्जिनिन या दोन अमिनो आम्लांनंतर तोडते. हे ठरावीक जागी तोडणे फार मोलाचे आहे, कारण त्यामुळे कोणत्या प्रथिनाचे कोणते तुकडे पडणार हे संगणकाला आधीच काढता येते. अखंड प्रथिन ओळखण्यापेक्षा त्याचे दहा-वीस अमिनो आम्लांचे तुकडे, म्हणजे पेप्टाइड, ओळखणे कितीतरी सोपे.

हे पेप्टाइडांचे मिश्रण केसाहून बारीक पोकळीच्या स्तंभातून हळूहळू सोडतात. पाण्यात सहज विरघळणारे आधी बाहेर पडतात, तेलकट स्वभावाचे नंतर. स्तंभाच्या टोकाशी उच्च विद्युतदाब असतो. तिथे द्रावणाचा फवारा होतो, थेंब सुकत जातात आणि पेप्टाइड विद्युतभारित होऊन यंत्राच्या निर्वात पोकळीत शिरतात. या इलेक्ट्रोस्प्रेसाठी जॉन फेन यांना २००२चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. यंत्र आधी आत आलेल्या आयनांचे वस्तुमान आणि भार यांचे गुणोत्तर मोजते. मग त्यांतले ठळक आयन एकेक करून निवडते, नायट्रोजनसारख्या वायूच्या रेणूंवर आदळून फोडते आणि तुकड्यांचे पुन्हा मोजमाप करते. पेप्टाइड बहुतेक वेळा अमिनो आम्लांमधल्या जोडावर तुटतो. त्यामुळे आलेखावरच्या शेजारशेजारच्या दोन शिखरांतला फरक म्हणजे एका अमिनो आम्लाचे वस्तुमान. फरक ९९.०७ आला तर व्हॅलिन, १४७.०७ आला तर फेनिलॲलॅनिन. अशा रीतीने क्रम वाचता येतो. ल्यूसिन आणि आयसोल्यूसिन यांचे वस्तुमान मात्र तंतोतंत सारखे असते. त्या दोघांना वेगळे करणे नेहमीच्या पद्धतीला जमत नाही, हे लक्षात ठेवा.

एका रनमध्ये असे हजारो आलेख, म्हणजे स्पेक्ट्रम, मिळतात. ते हाताने वाचणे शक्य नाही. संगणक माणसाच्या वीस हजारांवर प्रथिनांच्या क्रमांवरून संभाव्य पेप्टाइड तयार करतो आणि प्रत्येक स्पेक्ट्रम त्यांच्याशी ताडून पाहतो. चुकीची जुळणी किती झाली हे कळावे म्हणून खऱ्या क्रमांसोबत उलटे लिहिलेले खोटे क्रमही मुद्दाम डेटाबेसमध्ये घालतात. खोट्यांशी जितक्या जुळण्या होतील तितक्याच साधारण खऱ्यांतही चुकून झाल्या असतील, असा अंदाज त्यावरून बांधतात. चुकीचे प्रमाण एक टक्क्यावर रोखण्याचा प्रघात आहे. ऐकायला हे कडक वाटते, पण यादी १,५०० प्रथिनांची असेल तर त्यांतली १५ चुकीची असू शकतात. तुम्हाला जे नवे आणि रोमांचक वाटते आहे ते त्या पंधरांतलेच निघू शकते. म्हणून नव्या प्रथिनाचा दावा करण्याआधी त्याचे किमान दोन स्वतंत्र, दुसऱ्या कोणत्याही प्रथिनात न सापडणारे पेप्टाइड हवेत, आणि त्यांचे स्पेक्ट्रम उघडून स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला हवेत. सॉफ्टवेअरने दिलेल्या गुणांवर विसंबून राहणाऱ्यांना मी हे कटाक्षाने करायला लावतो.

आता तुमचा मधला प्रश्न, ‘हेच ते’ कशावरून?

यादीत सर्वांत वर येणारी प्रथिने बहुधा निरुपयोगी असतात. हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन येतात ते केशिकांतल्या रक्तामुळे. कोलॅजेन, ॲक्टिन ऊतीचेच. केरॅटिन हाताळणाऱ्याच्या त्वचेचे आणि केसांचे, ट्रिप्सिन आपणच घातलेले. म्हणून एका रुग्णाची यादी सुटी वाचून काही कळत नाही, तुलना लागते. आणि तुलना कोणाशी करता यावर निकाल ठरतो. निरोगी मूत्रपिंडाशी तुलना केली तर मेम्ब्रेनसमध्ये रक्तातली बरीच प्रथिने वाढलेली दिसतात. पण लघवीतून प्रथिने वाहून जात असली की चाळणीत ती अडकणारच, मग आजार कोणताही असो. त्यामुळे कंट्रोल (तुलनेचे नमुने) म्हणून प्रथिने तितकीच जाणारे पण आयजीजीचे साठे नसलेले आजारही हवेत, मिनिमल चेंज किंवा एफएसजीएससारखे. शिवाय पीएलए२आर पॉझिटिव्ह मेम्ब्रेनस हवा, म्हणजे साठे असण्याने सर्वसाधारणपणे काय वाढते ते वजा करता येते. नेल-१च्या शोधात हेच निर्णायक ठरले. पीएलए२आर निगेटिव्ह असलेल्या पहिल्या ६ रुग्णांत ते सापडले. पीएलए२आर पॉझिटिव्ह रुग्णांत आणि इतर आजारांच्या कंट्रोलमध्ये त्याचा मागमूस नव्हता. एखादे प्रथिन काहींमध्ये भरपूर आणि बाकीच्यांत अजिबात नाही, असे चित्र दिसले की आम्ही सावरून बसतो. सगळ्यांत थोडेथोडे वाढलेल्या प्रथिनाने मी फारसा उत्साहित होत नाही.

प्रमाण मोजण्याची साधी पद्धत म्हणजे त्या प्रथिनाचे एकूण किती स्पेक्ट्रम मिळाले ते मोजणे. मोठ्या प्रथिनाचे तुकडे जास्त पडतात, म्हणून दोन वेगळ्या प्रथिनांचे आकडे एकमेकांसमोर ठेवू नयेत. एकाच प्रथिनाची दोन नमुन्यांतली तुलना चालते. आयजीजीचे उपप्रकारही याच यादीतून वाचता येतात. पीएलए२आरमध्ये आयजीजी४चे प्राबल्य असते, नेल-१मध्ये आयजीजी१चे. पण इथे सांभाळा. चारही उपप्रकारांच्या स्थिर भागांचे क्रम ९० टक्क्यांहून अधिक सारखे असतात, त्यामुळे बरेच पेप्टाइड सामाईक असतात. फक्त त्या उपप्रकारापुरते असलेले पेप्टाइड मोजले तरच निष्कर्षाला अर्थ आहे.

एवढे जुळले तरी ते प्रथिन रोगाशी निगडित आहे हे सिद्ध होत नाही. पहिली पायरी म्हणजे अँटिबॉडी आणून स्टेन करणे. प्रथिन केशिकेच्या भिंतीवर दाणेदार दिसायला हवे. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली ते आयजीजीच्याच जागी यायला हवे. मग रुग्णाच्या रक्तात त्या प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड आहेत का, हे वेस्टर्न ब्लॉटने पाहायचे. शेवटी हेच दुसऱ्या रुग्णालयाच्या, शक्यतो दुसऱ्या देशाच्या नमुन्यांत दिसायला हवे. नेल-१ या सगळ्या पायऱ्यांतून गेले आहे, म्हणून आज त्याचा स्टेन निःशंकपणे वापरता येतो. मास स्पेक्ट्रोमेट्रीला पुराव्याचा शेवट मानणाऱ्यांशी माझे पटत नाही. ती संशयिताचे नाव देते, खटला पुढे चालवावा लागतो.

अमायलॉइडबद्दल थोडे सांगतो, कारण तिथे हे तंत्र रोजच्या निदानात बसले आहे. काँगो रेड या रंगाने अमायलॉइड आहे एवढे कळते, कोणत्या प्रथिनाचे ते कळत नाही. माणसात अमायलॉइड बनवणारी प्रथिने ४०हून अधिक आहेत आणि उपचार पूर्णपणे वेगळे. प्रतिपिंडाच्या हलक्या साखळ्यांचे असेल तर बोर्टेझोमिब, डॅराट्युमुमॅब यांसारखी औषधे. ट्रान्सथायरेटिनचे असेल तर टॅफॅमिडिस. चुकले तर रुग्णाला गरज नसलेली केमोथेरपी सोसावी लागते. लंडनच्या राष्ट्रीय अमायलॉइड केंद्राने २००२ मध्ये दाखवले की हलक्या साखळ्यांचा आजार समजल्या गेलेल्या ३५० रुग्णांपैकी ३४ जणांचा आजार प्रत्यक्षात आनुवंशिक, वेगळ्याच प्रथिनाचा होता. त्यांतल्या काहींच्या रक्तात योगायोगाने थोडे मोनोक्लोनल (एकाच पेशीच्या वंशातून आलेले) प्रथिनही होते, त्यामुळे घोटाळा आणखी वाढतो. २००९ मध्ये मेयोने लेझरने कापलेल्या अमायलॉइडची मास स्पेक्ट्रोमेट्री आधी ५० आणि मग आणखी ४१ नमुन्यांवर तपासून पाहिली. पुढच्या दशकाच्या अनुभवाचा आढावा त्यांनी २०२० मध्ये दिला, त्यात १६,१७५ नमुने आणि २१ प्रकार होते. अमायलॉइड खरोखर कापले गेले का, याची खूणही यादीतच मिळते. कोणत्याही प्रकारच्या अमायलॉइडसोबत एसएपी, अपोलायपोप्रोटीन ई आणि ए-४ ही तीन प्रथिने येतात. ती दिसली नाहीत तर तुकडाच चुकीच्या जागेचा असावा असे समजून पुन्हा कापावे.

ट्रान्सथायरेटिनमध्ये उत्परिवर्तन आहे का हेही कधीकधी इथेच कळते. त्याच्या २२ ते ३४ क्रमांकांच्या अमिनो आम्लांचा पेप्टाइड १३६५.७५ डाल्टनचा असतो. ३०व्या जागी व्हॅलिनऐवजी मेथिओनिन आले की त्यात ३१.९७ची भर पडते आणि शिखर वेगळे उभे राहते. पण १२२व्या जागी व्हॅलिनचे आयसोल्यूसिन झाले तर भर पडते १४.०१६ची, आणि मिथाइल गट चिकटल्यानेही नेमकी तेवढीच भर पडते. त्याच पेप्टाइडात १२६व्या जागी लायसिन आहे, ज्याला मिथाइल गट चिकटू शकतो. मग ठरवायचे कसे? तुकड्यांचे स्पेक्ट्रम उघडून. १२३ ते १२६चे तुकडे मूळ वस्तुमानाचे असतील आणि १२२ घेतल्याबरोबर भर दिसू लागली, तर ते उत्परिवर्तन. मधली शिखरे नसतील तर निष्कर्ष काढू नये, रक्तातून जनुकाची तपासणी करावी. अहवाल वाचताना आणखी एक सांभाळा. जनुकाच्या अहवालात सुरुवातीची २० अमिनो आम्ले धरतात, त्यामुळे तिथला १४२ आणि आपला १२२ ही एकच जागा आहे.

काही गोष्टी या पद्धतीला दिसतच नाहीत. हृदयातल्या ट्रान्सथायरेटिनच्या अमायलॉइडमध्ये साखळी बऱ्याचदा शरीरातच ४८ आणि ४९ यांच्या मध्ये तुटलेली असते. ४८व्या जागी लायसिन आहे, म्हणजे आपले ट्रिप्सिनही तिथेच तोडणार. शरीराने तोडले की नळीत तुटले, हे त्या पेप्टाइडावरून सांगता येत नाही. ४९च्या पुढचे पेप्टाइड अलीकडच्यांपेक्षा ठळकपणे जास्त असले तर अंदाज बांधता येतो, खात्रीसाठी अखंड प्रथिन मोजावे लागते.

‘मग थेट रक्तातच हे का शोधत नाही?’ असे बरेच जण विचारतात. रक्तद्रवात एका मिलिलिटरमध्ये अल्ब्युमिन सुमारे ४० मिलिग्रॅम असते आणि इंटरल्यूकिनसारखी संदेशवाहक प्रथिने काही पिकोग्रॅम. दहा अब्ज पटींचा हा फरक एका रनमध्ये पेलणे कोणत्याही यंत्राला जड जाते. आणि घाईचा धडा या क्षेत्राला मिळालेला आहे. २००२ मध्ये रक्तद्रवाच्या स्पेक्ट्रमच्या नुसत्या आकृतिबंधावरून अंडाशयाचा कर्करोग जवळजवळ अचूक ओळखता येतो असा दावा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात प्रथिनांची नावे नव्हती, फक्त शिखरांचा नमुना होता. पुढे संख्याशास्त्रज्ञ कीथ बॅगर्ली आणि सहकाऱ्यांनी तीच माहिती पुन्हा तपासली, तेव्हा नमुन्यांच्या हाताळणीतले आणि यंत्राच्या समायोजनातले फरक रोगाचे म्हणून वाचले गेले असण्याची शक्यता ठळकपणे पुढे आली. म्हणून रुग्ण आणि कंट्रोल यांचे नमुने एकाआड एक, क्रम चिठ्ठीने ठरवून चालवायचे. सगळे रुग्ण सोमवारी आणि सगळे कंट्रोल गुरुवारी चालवले तर यंत्र फक्त वाराचा फरक सांगेल.

आता तुमच्या टेबलावरच्या बायोप्सीकडे. पीएलए२आर निगेटिव्ह आला म्हणजे लगेच मास स्पेक्ट्रोमेट्री, अशी घाई करू नका. आपल्याकडे त्यानंतर नेल-१चा स्टेन करावा, हे माझे ठाम मत आहे, कारण इथे पाऱ्याचा संपर्क खरोखर आढळतो. चेन्नईच्या पॅथॉलॉजिस्टांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांसोबत २०२२ मध्ये पारा असलेल्या पारंपरिक औषधांचा आणि नेल-१ मेम्ब्रेनसचा संबंध दाखवला. महाराष्ट्रातही, अकोल्याला, पारा असलेल्या क्रीममुळे मूत्रपिंडाला इजा झाल्याचे प्रकरण केईएम रुग्णालयाच्या तपासातून २०२३च्या सुरुवातीला उघड झाले होते. सौंदर्यप्रसाधनांत नकळत येणाऱ्या पाऱ्याची कायदेशीर मर्यादा दहा लाखांत एक भाग आहे, डोळ्यांची प्रसाधने तेवढी वेगळी धरलेली. तेव्हा नेल-१ पॉझिटिव्ह आला की क्रीम, भस्म, रसकल्प, लायपोइक ॲसिडच्या गोळ्या, सगळे नाव घेऊन विचारा. नुसते ‘काही औषधे घेता का?’ असे विचारले तर रुग्ण ‘नाही’ म्हणतो, कारण क्रीमला तो औषध समजत नाही. वय जास्त असेल तर कर्करोगाचाही शोध घ्यायला हवा, कारण नेल-१ तिथेही दिसते. ल्युपसचा संशय असेल तर ईएक्सटी१ आणि एनसीएएम१.

हे सगळे निगेटिव्ह आले तरच मास स्पेक्ट्रोमेट्री. त्यासाठी तयारी आधीपासून लागते. स्टेन करता करता ब्लॉक संपवू नका, काही सेक्शन मागे ठेवा. शक्य असेल तर उपचार सुरू होण्याआधीचे थोडे रक्तद्रव उणे ८० अंशांवर जपून ठेवा. स्टेरॉइड आणि रिटुक्सिमॅब यांच्यानंतर प्रतिपिंड खाली जातात आणि मग नव्या प्रथिनाचा पुरावा पुरा करता येत नाही. सेक्शन घेताना स्वच्छ हातमोजे घाला, पाण्याच्या टबातले पाणी बदला आणि आधीच्या रुग्णाचे पापुद्रे तरंगत नाहीत ना ते पाहा.

पवईच्या आयआयटीत आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत चांगली यंत्रे आणि ती जाणणारी माणसे आहेत, तेव्हा संशोधनासाठी हे काम महाराष्ट्रात नक्की करता येते. संशोधनाच्या रनमधून आलेले नाव मात्र रुग्णाच्या अहवालात सरळ लिहू नका. आधी त्याच ब्लॉकवर त्या प्रथिनाचा स्टेन करून घ्या आणि आयजीजी जिथे आहे तिथेच तो येतो का ते पाहा. नमुना पाठवताना सोबतच्या कागदावर वय, लघवीतल्या प्रथिनांचे प्रमाण, झालेले सगळे स्टेन, आधीची औषधे आणि लेप-क्रीमची माहिती लिहा. यादी समोर आल्यावर कोणत्या नावापाशी थांबायचे हे आम्ही पुष्कळदा त्या कागदावरूनच ठरवतो.